लिनक्स सर्व्हरचे दूरस्थ निरीक्षण : महाविद्यालयीन गरज, रचना आणि मर्यादा

सारांश

महाविद्यालयातील ग्रंथालय, अध्यापन व कार्यालय यांची अनेक दैनंदिन कामे आज लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर अवलंबून आहेत. मात्र सर्व्हर बिघडल्याची वार्ता बहुधा तो वापरणाऱ्याच्या तक्रारीतूनच मिळते. प्रस्तुत लेखात दूरस्थ निरीक्षणाची संकल्पना, तिचा विकास, मोजावयाच्या बाबी आणि लहान संस्थेला झेपेल अशी रचना यांचे विवेचन केले आहे. निरीक्षण करणारे यंत्र निरीक्षित यंत्राहून स्वतंत्र असले पाहिजे आणि अपेक्षित संदेश न येणे हाच इशारा मानला पाहिजे, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : लिनक्स, सर्व्हर, दूरस्थ निरीक्षण, इशारा-व्यवस्था, प्रोमिथियस, बॅकअप

१. प्रस्तावना

परीक्षा-अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस, कार्यालयाच्या खिडकीपुढे विद्यार्थ्यांची रांग आणि आतून येणारे ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर, हे दृश्य महाविद्यालयीन अध्यापकांना अपरिचित नाही. या उत्तरात दोन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. सर्व्हर बंद पडला, ही पहिली; आणि तो बंद पडल्याचे सर्वप्रथम रांगेतील विद्यार्थ्याला कळले, ही दुसरी. पहिली गोष्ट पूर्णपणे टाळता येत नाही, कारण यंत्र कधी ना कधी बिघडणारच. दुसरी गोष्ट मात्र व्यवस्थेतील उणीव आहे आणि ती दूर करणे अल्प खर्चात शक्य आहे.

मुक्त-स्रोत आज्ञावलींमुळे महाविद्यालयांना स्वतःचे सर्व्हर चालविणे सुकर झाले. न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० मध्ये वापरात आलेली ‘कोहा’ ही ग्रंथालय-प्रणाली, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘मूडल’ ही अध्यापन-प्रणाली आणि त्याच वर्षी एमआयटी व एचपी यांच्या सहकार्यातून पुढे आलेली ‘डीस्पेस’ ही संग्रह-प्रणाली ही याची ठळक उदाहरणे होत. या आज्ञावली विनामूल्य मिळतात, परंतु त्या चालू ठेवण्याची जबाबदारी संस्थेवरच येते. मोठ्या उद्योगांत या कामासाठी अहोरात्र पाळ्यांमध्ये माणसे असतात. महाविद्यालयात ते काम बहुधा संगणक विभागातील एखादा अध्यापक किंवा प्रयोगशाळा साहाय्यक आपले नेमून दिलेले काम सांभाळून करतो. तो सतत सर्व्हरपाशी बसून राहू शकत नाही. म्हणूनच दुरून, आपोआप आणि अखंड चालणाऱ्या निरीक्षणाची गरज लहान संस्थेला मोठ्या संस्थेपेक्षा कमी नसून अधिक आहे.

२. संकल्पनेचा विकास

दूरस्थ निरीक्षणाचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे दूरच्या संगणकाला हाक मारणे आणि ओ येते का हे पाहणे. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेली ‘पिंग’ ही आज्ञावली नेमके हेच करते. पाणबुडी शोधणारे सोनार यंत्र ध्वनी सोडते व परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून अंतर ओळखते, त्याच तत्त्वावर तिचे नाव बेतलेले आहे. पिंगला उत्तर मिळाले म्हणजे समोरील यंत्राचे जाळे जिवंत आहे एवढेच सिद्ध होते. त्यावरील ग्रंथालय-प्रणाली चालू आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

पुढील पायरी १९८८ मध्ये आली. जाळ्यातील उपकरणांना त्यांच्या स्थितीविषयी ठरावीक पद्धतीने प्रश्न विचारता यावेत यासाठी ‘एसएनएमपी’ हा संकेत मांडण्यात आला. रूटर व स्विच यांच्या निरीक्षणासाठी तो आजही वापरला जातो. १९९५ मध्ये टोबियास ओएटिकर यांनी ‘एमआरटीजी’ ही आज्ञावली तयार केली. तिचा जन्म एका विद्यापीठात झाला, ही बाब येथे विशेष उल्लेखनीय आहे. इंग्लंडमधील लेस्टर येथील डी माँटफर्ट विद्यापीठात त्या वेळी इंटरनेटची ६४ किलोबिटची एकच जोडणी होती आणि ती कशी वापरली जात आहे हे जाणून घेण्याची सर्वांनाच उत्सुकता होती. त्या गरजेतून जोडणीच्या वापराचा सतत बदलणारा आलेख काढणारे हे साधन निर्माण झाले. साधनांच्या टंचाईतून निरीक्षणाची निकड उत्पन्न होते, हे यावरून दिसते.

१९९९ मध्ये एथन गॅलस्टॅड यांनी ‘नेटसेंट’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. २००२ मध्ये तिचे नाव ‘नागिओस’ असे झाले. या आज्ञावलीने निरीक्षणाच्या विचारात एक महत्त्वाची भर घातली. तपासणीचा निकाल केवळ ‘ठीक’ अथवा ‘बिघाड’ असा न ठेवता तिने त्याचे चार प्रकार केले : ० म्हणजे ठीक, १ म्हणजे सावधान, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे अज्ञात. यांतील चौथा प्रकार सर्वांत विचारपूर्वक केलेला आहे. तपासणीच होऊ शकली नाही, तर यंत्र ठीक आहे असे गृहीत धरता येत नाही. अज्ञान आणि आरोग्य या दोन अवस्था भिन्न आहेत.

‘साउंडक्लाउड’ या संगीत-सेवेत २०१२ मध्ये आरंभ झालेल्या ‘प्रोमिथियस’ या आज्ञावलीने काळानुसार बदलणाऱ्या मोजमापांची साठवण आणि त्यांवरील गणित यांवर भर दिला. २०१६ मध्ये ती ‘क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन’ या संस्थेच्या छत्राखाली आली. प्रस्तुत लेखातील रचना याच आज्ञावलीच्या आधारे मांडली आहे. तथापि नागिओस किंवा ‘झॅबिक्स’ वापरूनही तीच तत्त्वे अमलात आणता येतात.

३. काय मोजावे

निरीक्षणाच्या बाबी तीन थरांत विभागता येतात : यंत्र, सेवा आणि प्रयोजन.

पहिला थर यंत्राचा. लिनक्समध्ये प्रक्रिया, स्मृती व भार यांविषयीची माहिती ‘प्रॉक’ नावाच्या आभासी धारिका-व्यवस्थेत सतत उपलब्ध असते. मोजमाप करणारी साधने मुख्यतः तेथूनच आकडे वाचतात. मात्र हे आकडे वाचताना काही सावधगिरी आवश्यक आहे. ‘सरासरी भार’ हा आकडा १, ५ व १५ मिनिटांच्या कालावधीसाठी दिला जातो. तो केवळ प्रोसेसरच्या व्यग्रतेचा निदर्शक आहे असा समज प्रचलित आहे. लिनक्समध्ये १९९३ पासून डिस्कसारख्या साधनाची वाट पाहत अडून राहिलेल्या प्रक्रियाही त्यात मोजल्या जातात. परिणामी प्रोसेसर रिकामा असतानाही भार वाढलेला दिसू शकतो. अशा वेळी दोष डिस्कमध्ये शोधला पाहिजे.

स्मृतीबाबतही असाच गैरसमज आढळतो. लिनक्स रिकामी स्मृती वाया न घालवता तिच्यात अलीकडे वाचलेल्या धारिका साठवून ठेवते. त्यामुळे ‘मोकळी’ स्मृती जवळजवळ नेहमीच कमी दिसते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.१४ या कर्नलपासून ‘उपलब्ध’ स्मृतीचा स्वतंत्र अंदाज दिला जातो. इशाऱ्यासाठी तोच आकडा घेणे योग्य होय.

डिस्कवरील जागा हा सर्व्हर बंद पडण्यामागील सर्वांत साधा आणि तरीही वारंवार दुर्लक्षिला जाणारा विषय आहे. येथे दोन मोजमापे लागतात. एक म्हणजे शिल्लक जागा आणि दुसरे म्हणजे शिल्लक ‘आयनोड’. प्रत्येक धारिकेसाठी एक आयनोड खर्च होतो. असंख्य लहान धारिका साचल्या, तर पुष्कळ जागा शिल्लक असूनही नवी धारिका निर्माण करता येत नाही. याशिवाय ‘ईएक्सटी४’ या व्यवस्थेत सामान्यतः ५ टक्के जागा मुख्य प्रशासकासाठी राखून ठेवलेली असते. म्हणून इतर प्रक्रियांसाठी जागा शंभर टक्के भरण्यापूर्वीच संपते.

केवळ टक्केवारी पाहणेही पुरेसे नाही. २०० जीबीची डिस्क ८० टक्के भरली असेल, तर ४० जीबी जागा उरते. वाढ दिवसाला २ जीबी असेल, तर हाताशी वीस दिवस आहेत. एखादी बिघडलेली प्रक्रिया ताशी १० जीबी नोंदी लिहीत असेल, तर हाताशी केवळ चार तास आहेत. टक्केवारी दोन्ही वेळा सारखीच आहे, परंतु एका प्रसंगी पुढील आठवड्यात लक्ष घातले तरी चालते व दुसऱ्या प्रसंगी रात्रीच उठावे लागते. प्रोमिथियसमध्ये अलीकडील वाढीवरून पुढील स्थितीचा सरळ रेषेने अंदाज बांधणारे फलन आहे. त्याचा उपयोग येथे होतो.

दुसरा थर सेवेचा. यंत्र चालू असूनही वेब-सर्व्हर किंवा माहितीसंच बंद असू शकतो. म्हणून वापरकर्ता ज्या मार्गाने येतो त्याच मार्गाने बाहेरून पान मागवून पाहावे. उत्तराचा संकेत योग्य आहे का, पानावर अपेक्षित शब्द आहे का आणि उत्तरास किती वेळ लागला, या तीन गोष्टी नोंदवाव्यात. येथेच सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदतही तपासावी. विनामूल्य प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेने मुदत संपत आल्याची सूचना ईमेलने पाठविण्याची प्रथा जून २०२५ मध्ये बंद केली. प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवून मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांवर आणण्याचा निर्णयही संबंधित उद्योग-मंचाने २०२५ मध्ये घेतला. मुदत स्मरणात ठेवण्याचे किंवा दिनदर्शिकेत लिहून ठेवण्याचे दिवस यापुढे राहणार नाहीत.

तिसरा थर प्रयोजनाचा. सर्व्हर ज्यासाठी आहे ते कार्य झाले का, हा त्यातील प्रश्न आहे. काल रात्रीचा बॅकअप पूर्ण झाला का? त्याचा आकार नेहमीइतका आहे का? हा थर बहुतेक ठिकाणी सुटतो, आणि हानी मात्र येथेच भरून न येणारी असते.

४. तीन घटनांचा बोध

निरीक्षण-व्यवस्था अस्तित्वात असूनही ती निरुपयोगी ठरू शकते. सार्वजनिक अहवालांतून ज्ञात असलेल्या तीन घटनांवरून हे स्पष्ट होईल.

३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या सेवेतील एका अभियंत्याने चुकून दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरील माहितीसंच पुसला. चूक मानवी होती आणि अशी चूक कोणाकडूनही होऊ शकते. परंतु बॅकअप शोधताना असे आढळले की रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता. बॅकअप घेणारी आज्ञावली पोस्टग्रेसक्यूएलच्या ९.२ या आवृत्तीची होती आणि माहितीसंच ९.६ या आवृत्तीचा होता. आवृत्त्यांच्या या विसंगतीमुळे ती आज्ञावली दररोज अपयशी ठरत होती. अपयशाची सूचना ईमेलने पाठविलीही जात होती, पण ईमेलच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था अपुरी असल्याने ते संदेश नाकारले जात होते. अन्य कारणाने सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाती लागली म्हणून मोठा अनर्थ टळला. तरीही मधल्या सुमारे सहा तासांतील नोंदी गेल्या. त्यात किमान ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि सुमारे ७०० नवी खाती बाधित झाल्याचे त्या संस्थेने स्वतःच जाहीर केले.

त्यानंतर महिन्याभरातच, २८ फेब्रुवारी २०१७ रोजी, ॲमेझॉनची ‘एस३’ ही साठवण-सेवा अमेरिकेतील एका विभागात कोलमडली. सेवांची स्थिती दर्शविणारा त्या कंपनीचा फलक कित्येक सेवा ठीक असल्याचे दाखवीत राहिला. फलक अद्ययावत करण्याची व्यवस्था त्याच एस३ सेवेवर अवलंबून होती, हे त्याचे कारण होय. सुमारे दोन तास कंपनीला त्या फलकावर सेवांची खरी स्थिती नोंदविता आली नाही.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद होत्या. देखभालीच्या एका आज्ञेमुळे कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले. बिघाड शोधण्याची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने तीही निकामी झाली आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष सर्व्हरपर्यंत जावे लागले.

पहिल्या घटनेत संदेशवाहक वाटेतच हरवला होता. दुसऱ्या व तिसऱ्या घटनांत पहारेकरी त्याच घरात झोपला होता ज्या घराला आग लागली. यावरून दोन तत्त्वे निष्पन्न होतात. निरीक्षकाचा निरीक्षित यंत्रावर कोणताही आधार नसावा, हे पहिले. आणि बिघाडाचा संदेश येण्याची वाट न पाहता कुशलतेचा संदेश न येणे हाच बिघाड समजावा, हे दुसरे.

५. लहान संस्थेसाठी प्रस्तावित रचना

एका महाविद्यालयात कोहा, मूडल आणि संकेतस्थळ यांसाठी तीन लिनक्स सर्व्हर आहेत असे गृहीत धरू. प्रस्तावित रचना पुढील टप्प्यांनी उभारता येते.

पहिला टप्पा यादीचा. प्रत्येक सर्व्हरचे नाव, त्यावरील सेवा, त्या सेवेचा उत्तरदायी आणि ती सेवा किती काळ बंद राहिलेली चालेल, हे एका कागदावर लिहून प्राचार्यांची मान्यता घ्यावी. ‘९९ टक्के वेळ सेवा चालू’ हे उद्दिष्ट ऐकावयास चांगले वाटते. त्याचा अर्थ वर्षातून ३.६५ दिवस बंद असा होतो, आणि ते दिवस नेमके प्रवेशाच्या काळात आले तर? ९९.९ टक्के म्हटल्यास वर्षातून केवळ ८.७६ तास उरतात. संस्थेला खरोखर काय हवे आहे, हे आधी ठरले पाहिजे.

दुसरा टप्पा घड्याळाचा. सर्व यंत्रांची वेळ ‘क्रोनी’ या आज्ञावलीने एकसारखी राखावी. वेळ जुळत नसेल, तर कोणता बिघाड आधी झाला व कोणता नंतर, हे नोंदींवरून ठरविता येत नाही.

तिसरा टप्पा प्रत्येक सर्व्हरवर ‘नोड एक्स्पोर्टर’ बसविण्याचा. ही लहानशी आज्ञावली यंत्राची मोजमापे गोळा करून ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर उपलब्ध करते. तिच्यासाठी विशेषाधिकार नसलेला स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करावा. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर ती आपोआप चालू व्हावी, यासाठी तिची नोंद ‘सिस्टमडी’मध्ये करावी.

चौथा टप्पा निरीक्षक संगणकाचा. तो महाविद्यालयाच्या आवाराबाहेर असला पाहिजे. आवारातील वीज किंवा इंटरनेट जोडणी गेली, तर आवारातील निरीक्षकही त्यांच्यासह मूक होईल. भाड्याने घेतलेला एखादा लहान आभासी सर्व्हर पुरतो. त्याहून सोपा व जवळजवळ विनाखर्च पर्याय म्हणजे परस्पर निरीक्षण. एकाच शिक्षणसंस्थेची किंवा एकाच विद्यापीठाशी संलग्न असलेली, परंतु वेगवेगळ्या गावांतील दोन महाविद्यालये प्रत्येकी एक जुना संगणक एकमेकांसाठी राखून ठेवू शकतात. पहिल्याने दुसऱ्यावर आणि दुसऱ्याने पहिल्यावर लक्ष ठेवावे.

पाचवा टप्पा सुरक्षित मार्गाचा. आवारातील सर्व्हरना बहुधा केवळ अंतर्गत पत्ते असतात आणि बाहेरून त्यांच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. अशा वेळी सर्व्हरकडून निरीक्षकाकडे ‘वायरगार्ड’चा सांकेतिक मार्ग उघडावा. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.६ या कर्नलपासून ही सोय लिनक्समध्येच अंतर्भूत आहे. मोजमापे या मार्गाने यावीत. मात्र संकेतस्थळाची तपासणी या मार्गाने करू नये. ती सर्वसामान्य वापरकर्त्याप्रमाणे सार्वजनिक पत्त्यावरूनच करावी, अन्यथा वापरकर्त्याला येणारी अडचण निरीक्षकाला दिसणारच नाही.

सहावा टप्पा प्रोमिथियसचा. निरीक्षकावर ही आज्ञावली बसवून तिला तिन्ही सर्व्हरचे पत्ते द्यावेत व दर ६० सेकंदांनी मोजमापे घेण्यास सांगावे. सर्व्हरने माहिती पाठविण्याची वाट न पाहता ती स्वतः जाऊन माहिती आणते. प्रत्येक खेपेस माहिती मिळाली तर ती ‘अप’ या नावापुढे १ नोंदविते, न मिळाल्यास ० नोंदविते. मौन येथे आकड्याच्या रूपाने दिसू लागते, हे या पद्धतीचे मुख्य सामर्थ्य होय. बाहेरून पान मागवून पाहण्यासाठी तिच्या जोडीला ‘ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर’ वापरावा.

साठवणीचा खर्च नगण्य आहे. प्रत्येक सर्व्हरची सुमारे १,००० मोजमापे धरल्यास तीन सर्व्हरची दर मिनिटास ३,००० आणि दिवसाला ४३ लाख २० हजार मूल्ये होतात. प्रत्येक मूल्यास २ बाइट धरल्यास दिवसाला सुमारे ८.६ एमबी आणि वर्षाला सुमारे ३.२ जीबी एवढीच जागा लागते. प्रोमिथियस मूळ मांडणीत केवळ १५ दिवसांची माहिती ठेवते. मागील वर्षीच्या प्रवेशकाळाशी तुलना करावयाची असल्यास ही मुदत वाढवून घ्यावी.

सातवा टप्पा बॅकअपचा. बॅकअप यशस्वीपणे पूर्ण झाल्यावरच त्या क्षणाची वेळ आणि बॅकअपचा आकार एका लहान धारिकेत लिहिला जावा. नोड एक्स्पोर्टर ती धारिका वाचून निरीक्षकाला देऊ शकतो. शेवटच्या यशस्वी बॅकअपला २६ तासांहून अधिक काळ लोटला, तर इशारा द्यावा. बॅकअपची आज्ञावली अडकली, तिची नोंद कोणी पुसली किंवा आवृत्त्यांत विसंगती आली, तरी परिणाम एकच होतो : नवी वेळ लिहिली जात नाही. कारण कोणतेही असो, इशारा येतो. गिटलॅबच्या प्रसंगी नेमकी हीच तपासणी नव्हती.

६. इशारा आणि माणूस

मोजमापे कितीही अचूक असली, तरी इशारा योग्य माणसापर्यंत पोहोचून त्याने कृती केल्याखेरीज निरीक्षण सफल होत नाही. प्रोमिथियसच्या जोडीने चालणारी ‘अलर्टमॅनेजर’ ही आज्ञावली इशाऱ्यांचे वर्गीकरण करून ते पाठविते. येथे सर्वांत मोठा धोका इशाऱ्यांच्या अतिरेकाचा असतो. दिवसाला पन्नास संदेश येऊ लागले, की एकावन्नावा कोणी वाचत नाही. लांडगा आल्याची खोटी आरोळी मारणाऱ्या मुलाची गोष्ट यंत्रालाही लागू पडते.

यास्तव काही पथ्ये पाळावीत. क्षणिक चढउतारासाठी इशारा देऊ नये. स्थिती किमान पाच मिनिटे टिकल्यासच तो द्यावा. आवाराची जोडणी तुटली तर तिन्ही सर्व्हर एकाच वेळी ‘बंद’ दिसतील. अशा वेळी ‘जोडणी तुटली’ हा एकच इशारा पाठवून बाकीचे रोखण्याची सोय वापरावी. रात्री झोपमोड करणारे इशारे आणि सकाळी पाहिले तरी चालणारे इशारे असे दोन वर्ग करावेत. प्रत्येक इशाऱ्यात काय बिघडले याबरोबरच प्रथम काय करावे हेही शुद्ध मराठीत, एका वाक्यात लिहावे. ‘मूडलची डिस्क चार तासांत भरेल, जुन्या नोंदी हलवा’ हा इशारा वाचणाऱ्यास कामाला लावतो. ‘सर्व्हर दोन, स्थिती गंभीर’ हा इशारा केवळ धास्ती निर्माण करतो.

इशारा दोन माणसांना आणि दोन भिन्न मार्गांनी जावा. महाविद्यालयाचाच ईमेल-सर्व्हर बिघडला असेल, तर त्याच सर्व्हरवरून निघालेला ईमेल कोणास मिळणार? शिवाय पहारेकऱ्यावरही पहारा हवा. त्यासाठी नेहमीच चालू राहणारा एक इशारा मुद्दाम ठेवावा आणि तो दुसऱ्या एखाद्या स्वतंत्र यंत्राकडे ठरावीक अंतराने जात राहावा. तो येणे थांबले, की निरीक्षकच बंद पडला असे समजावे. परस्पर निरीक्षण करणाऱ्या महाविद्यालयांमध्ये हे कार्य ओघानेच साधते.

सत्रातून एकदा तालीम करावी. पूर्वसूचना देऊन एखादी सेवा मुद्दाम बंद करावी आणि इशारा किती मिनिटांत, कोणाकडे पोहोचला याची नोंद घ्यावी. त्याच दिवशी बॅकअपवरून माहितीसंच दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभा करून पाहावा. ज्या बॅकअपवरून पुनर्स्थापना करून पाहिलेली नाही, तो बॅकअप आहे असे ठामपणे म्हणता येत नाही.

७. सुरक्षितता आणि नोंदी

निरीक्षणासाठी उघडलेले दार चोरालाही उपयोगी पडू शकते. नोड एक्स्पोर्टर मूळ मांडणीत कोणतेही परवलीचे शब्द न मागता माहिती देतो. त्या माहितीतून कर्नलची आवृत्ती व यंत्राची रचना कळते. म्हणून ९१०० क्रमांकाचे पोर्ट फायरवॉलद्वारे केवळ निरीक्षकाच्या पत्त्यासाठी खुले ठेवावे. एसएनएमपी वापरावयाचे असल्यास तिसरी आवृत्ती निवडावी. पहिल्या व दुसऱ्या आवृत्तींत परवलीचा शब्द उघड स्वरूपात जाळ्यातून जातो. निरीक्षक संगणकाला सर्व्हरवर आज्ञा चालविण्याचा अधिकार देऊ नये. त्याने पाहावे, पण हात लावू नये.

मोजमाप आणि नोंद यांतील भेदही ध्यानात घेतला पाहिजे. मोजमाप म्हणजे काळानुसार बदलणारा आकडा, तर नोंद म्हणजे घडलेल्या प्रत्येक घटनेचा मजकूर. एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत, संबंधित संस्थांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि विनिर्दिष्ट प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवाव्यात असे म्हटले आहे. घटना लक्षातच आली नाही, तर हे सहा तास मोजावयास आरंभ तरी कोठून करणार? या दृष्टीने निरीक्षण ही केवळ सोय नसून उत्तरदायित्वाचा भाग ठरते. सर्व्हरवरील नोंदींची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठविल्यास घुसखोराने मूळ नोंदी पुसल्या तरी पुरावा शिल्लक राहतो.

८. मर्यादा

निरीक्षण बिघाड दाखविते. तो दुरुस्त करीत नाही. दुरुस्तीसाठी सुटा भाग, जाणकार माणूस आणि खर्चाची मान्यता लागते. या तिन्हींची तरतूद नसलेल्या संस्थेत इशारे हळूहळू भिंतीवरील जुन्या सूचनेसारखे होतात. दुसरी मर्यादा अशी की आधी कल्पिलेल्या बिघाडांचेच मोजमाप करता येते. प्रत्येक अनपेक्षित घटनेनंतर ‘हे आपल्याला आधी कसे कळले असते?’ असा प्रश्न विचारून यादीत भर घालावी लागते. तिसरी मर्यादा माणसाची आहे. ही रचना उभारणारा अध्यापक बदलून गेला, की तिचे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. म्हणून मांडणीच्या धारिका व कार्यपद्धती लेखी स्वरूपात विभागात ठेवणे आणि किमान दोन व्यक्तींना तिचा परिचय असणे आवश्यक आहे.

९. निष्कर्ष

१) महाविद्यालयीन सर्व्हरचे निरीक्षण यंत्र, सेवा व प्रयोजन या तिन्ही थरांवर झाले पाहिजे. केवळ पिंगचे उत्तर हे आरोग्याचे प्रमाण नव्हे.

२) निरीक्षक संगणक आवाराबाहेर असावा व त्याचा निरीक्षित यंत्रांवर आधार नसावा. लहान संस्थांसाठी परस्पर निरीक्षण हा व्यवहार्य मार्ग आहे.

३) बॅकअपच्या अपयशाचा संदेश येण्याची वाट न पाहता यशाचा संदेश न आल्यास इशारा द्यावा.

४) इशारे मोजके, कृतीस प्रवृत्त करणारे आणि किमान दोन मार्गांनी जाणारे असावेत, त्यांची सत्रातून एकदा तालीम व्हावी.

५) हे काम एखाद्या अध्यापकाच्या सौजन्यावर न सोडता त्यासाठी कार्यभारात वेळ आणि अंदाजपत्रकात तरतूद असावी.

सर्व्हर कधीच बंद पडणार नाही, असे आश्वासन कोणतीही व्यवस्था देऊ शकत नाही. परंतु तो बंद पडल्याचे खिडकीपुढील विद्यार्थ्याच्या आधी उत्तरदायी माणसाला कळेल, एवढे आश्वासन कोणतेही महाविद्यालय एका जुन्या संगणकाच्या आणि काही दिवसांच्या श्रमाच्या बळावर देऊ शकते. शांत असलेला सर्व्हर सुखरूप आहे असे मानण्याची सवय सोडणे, हे त्या दिशेने टाकलेले पहिले पाऊल ठरेल.